एन्झाइम सोडून कुठे जायचं? जेस्ट, विटेस्ट, सायप्रेस, प्लेराइट : कंपोनंट टेस्टिंगला काय वापरताय?

आळशी_गवंडी | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमचं प्रॉडक्ट पतसंस्थांसाठी आहे. मुदत ठेव, कर्जाचे हप्ते, पासबुक छपाई वगैरे. फ्रंटएंड रिॲक्ट १६ वर (स्क्रीनचे तुकडे, म्हणजे कंपोनंट, जोडून पान उभं करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), भाषा मराठी आणि हिंदी. टेस्ट्स साधारण अकराशे, त्यातल्या सातशे एन्झाइममध्ये (रिॲक्टचे कंपोनंट तपासायची जुनी लायब्ररी), आणि त्यातल्याही बऱ्याच मीच २०१९ मध्ये मोठ्या हौसेने लिहिलेल्या. आता वरून फर्मान आलंय की रिॲक्ट १८ ला जा. एन्झाइमला रिॲक्टशी जोडणारा अधिकृत अडॅप्टर १६ च्या पुढे आलाच नाही, १७ साठी बाहेरच्या एकाने स्वतःच्या हिमतीवर केलेला आहे तो चालतो म्हणे, १८ साठी अधिकृत असं काहीच नाही. म्हणजे सातशेच्या सातशे परत लिहा नाहीतर फेका.

ऑफिसात तीन तोंडं तीन दिशांना. मॅनेजर म्हणतो सायप्रेस, कारण त्याने कुठल्याशा डेमोत ब्राउझर आपोआप क्लिक होताना बघितलाय. नवीन आलेली ज्युनियर म्हणते विटेस्ट. क्यूएवाले (टेस्टिंगची वेगळी टीम) म्हणतात आम्ही प्लेराइट वापरतोच, तुम्हीपण त्यातच या. मला प्रत्येकाचं ऐकताना पटतं, हीच अडचण आहे. कोणी खरोखर वापरून हात पोळून घेतलेत का? डॉक्युमेंटेशनच्या लिंका नकोत, त्या मीपण वाचल्यात.

खारे_दाणे | मंगळवार, सकाळी ८:०५

गवंडीबुवा, ही चारही नावं एका पंगतीत बसणारी नाहीत, घोळ तिथूनच सुरू होतो. जेस्ट आणि विटेस्ट हे रनर, फाइली शोधायच्या, चालवायच्या, हिरवं-लाल दाखवायचं. एन्झाइम आणि टेस्टिंग लायब्ररी या कंपोनंट मांडून त्यातलं बटण शोधून देणाऱ्या लायब्रऱ्या. आणि तिसरी गोष्ट, जी कोणी विचारतच नाही, ती म्हणजे कंपोनंट उभा कुठे राहतो, नोडमध्ये चालणाऱ्या जेएसडॉमच्या लुटुपुटूच्या डॉममध्ये (डॉम म्हणजे पानावरच्या घटकांचं झाड) की खऱ्या ब्राउझरमध्ये. सायप्रेस आणि प्लेराइट हे तिन्हीचं एकत्र पॅकेज, म्हणून ती तुलना कुकर चांगला की तांदूळ चांगला अशी होऊन बसते.

एन्झाइमचं म्हणाल तर २०१५ मध्ये एअरबीएनबीने आणलं तेव्हा खरंच सोय झाली होती. शॅलो रेंडर करा (आतले कंपोनंट सोडून फक्त वरचा थर मांडा), स्टेट म्हणजे कंपोनंटची आतली माहिती काढून बघा, इन्स्टन्सवरची मेथड थेट मारा. पण २०१९ च्या फेब्रुवारीत रिॲक्ट १६.८ मध्ये हुक्स (साध्या फंक्शनमध्येच स्टेट ठेवायची सोय) आले आणि स्टेट बाहेरून बघायची खिडकीच बंद झाली, फंक्शन कंपोनंटला इन्स्टन्स कुठून आणणार! तोवर २०१८ मध्ये टेस्टिंग लायब्ररी आली होती, तिचं म्हणणं साधं, वापरणाऱ्याला जे दिसतं तेवढंच तपासा, आत काय शिजतंय त्यात नाक खुपसू नका. त्यामुळे एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. त्या सातशे टेस्ट्स 'कन्व्हर्ट' करायला जाऊ नका. शॅलो रेंडरवाल्या टेस्टचं भाषांतर होत नाही. 'स्टेटमधलं ओपन ट्रू झालं का' याच्या जागी तुम्हाला 'यादी दिसली का' असं लिहायचंय, तो वेगळाच प्रश्न आहे.

भाजणीचं_थालीपीठ | मंगळवार, सकाळी १०:५०

विटेस्टवाल्या ज्युनियरच्या पाठीशी मी! दीड वर्ष वापरतेय. बिल्ड व्हीटवर (कोड बांधून देणारं टूल) असेल तर दुसरा विचारच करू नका, तीच कॉन्फिग टेस्टला लागू, पाथचे अलायस दोनदा लिहायचे नाहीत, ईएसएम (इंपोर्ट-एक्स्पोर्टची नवी पद्धत) पॅकेजवर जेस्ट जी रड लावतं ती नाही. एपीआय जवळपास जेस्टचाच, 'जेस्ट' च्या जागी 'व्हीआय' लिहिलं की ८० टक्के काम उरकतं.

उरलेल्या २० टक्क्यांत मात्र दोन खड्डे आहेत ते सांगते. एक, मॉकची, म्हणजे खऱ्या मॉड्यूलच्या जागी खोटं बनवून देणारी फॅक्टरी. मॉड्यूलचा डिफॉल्ट एक्स्पोर्ट असेल तर विटेस्टमध्ये 'डिफॉल्ट' ही की स्वतः लिहून परत द्यावी लागते, जेस्टमध्ये नुसतं फंक्शन परत दिलं तरी बऱ्याचदा चालून जायचं. दुसरा खड्डा माझे दोन दिवस खाऊन गेला. विटेस्टमध्ये ग्लोबल्स (इंपोर्ट न करता मिळणारी फंक्शन्स) मुळात बंद असतात, डिस्क्राइब-इट-एक्स्पेक्ट इंपोर्ट करा म्हणतात, छान, शिस्तीचं आहे. पण टेस्टिंग लायब्ररी प्रत्येक टेस्टनंतर डॉम साफ करते ती ग्लोबल 'आफ्टरईच' सापडलं तरच! ते सापडत नाही, ती गुपचूप काहीच करत नाही, आधीच्या टेस्टचा फॉर्म तिथेच पडून राहतो आणि पुढची टेस्ट बोंब मारते की 'जमा करा' नावाची दोन बटणं सापडली. एकटी चालवली की हिरवी, सगळ्या चालवल्या की लाल. मी कंपोनंटमध्ये बटण दोनदा रेंडर होतंय का ते शोधत बसले होते. सेटअप फाइलमध्ये क्लीनअपची एक ओळ टाकली, संपलं.

कर्जत_लोकल | मंगळवार, सकाळी ११:१२

दोन दिवस?? मी चार घालवलेत त्याच्यावर. +१

रातपाळी | मंगळवार, रात्री १:३०

मॅनेजर लोकांची चेष्टा करू नका हो, मी मॅनेजर आहे आणि कोडपण लिहितो.

सायप्रेसचं कंपोनंट टेस्टिंग २०२२ च्या जूनमध्ये आवृत्ती १० मध्ये बीटा म्हणून आलं आणि त्याच वर्षी ११ मध्ये पक्कं झालं. बघायला खरंच सुख आहे. डावीकडे पायऱ्यांची यादी, उजवीकडे तुमचा कंपोनंट खऱ्या ब्राउझरमध्ये, एखाद्या पायरीवर माउस नेला की त्या क्षणाचा डॉम समोर. आमची डिझायनर माझ्या शेजारी बसून टेस्ट वाचायची आणि 'अरे हे एरर आल्यावर सगळं खाली का सरकतंय' असं सांगायची. जेस्टच्या टर्मिनलमध्ये तिला काय कप्पाळ दिसणार.

पण त्याची चाल वेगळी आहे, ती अंगवळणी पडेपर्यंत चिडचिड होते. 'सीवाय डॉट गेट' लिहिलं की एलिमेंट मिळत नाही, कमांड रांगेत लागते. व्हेरिएबलमध्ये धरून पुढच्या ओळीत वापरायला गेलात की हाती भोपळा, आणि अवेटपण चालत नाही. नवीन आलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात हीच चूक करतो, मी आता सांगायचं सोडलंय, करू देतो. वर सीआयवर (कोड टाकला की आपोआप टेस्ट्स चालवणारं मशीन) वेळ लागतो. चारशे छोट्या टेस्ट्ससाठी ब्राउझर तापवायचा म्हणजे पाहुणा एक आणि स्वयंपाक पंगतीचा.

सातारकर_बर्लिनमधून | बुधवार, पहाटे २:१५

प्लेराइट रोज वापरतो म्हणून लिहितोय. पूर्ण फ्लो तपासायला, म्हणजे लॉगिन, ठेव उघडणं, पावती मिळणं वगैरे, याच्याइतकं मला दुसरं काही आवडलेलं नाही. २०२० च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने आणलं, करणारे बरेचसे आधी गूगलमध्ये पपेटियर (ब्राउझर कोडमधून चालवायचं टूल) करणारेच, त्यामुळे मागच्या चुका माहीत असलेली मंडळी. क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट तिन्ही, आणि ट्रेस व्ह्यूअर तर काय बोलता. सीआयवर रात्री काय पडलं ते सकाळी चहा पिता पिता फ्रेम फ्रेम बघायचं.

पण कंपोनंट टेस्टिंगसाठी म्हणाल तर जरा थांबा. ते २०२२ मध्ये आलं तेव्हापासून पॅकेजच्या नावातच 'एक्स्पेरिमेंटल' आहे. आणि त्याची घडण अशी की टेस्ट नोडमध्ये चालते आणि कंपोनंट ब्राउझरमध्ये, मधे भिंत. साधे प्रॉप्स (कंपोनंटला बाहेरून दिलेली माहिती) पलीकडे जातात पण एखादा जिवंत ऑब्जेक्ट, क्लासचा इन्स्टन्स, असलं काही टेस्टमधून द्यायला गेलात की जात नाही. टेस्टच्याच फाइलमध्ये छोटा कंपोनंट लिहून तो मांडता येत नाही, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा लागतो. आम्ही शेवटी प्रत्येक टेस्टसाठी एक रॅपर फाइल असं करत करत फाइलींचा उकिरडा केला आणि मग सोडलं.

आळशी_गवंडी | बुधवार, सकाळी ९:२०

सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखूण) साठवतोय. खारे_दाणे, तो तिसरा मुद्दा, कंपोनंट उभा कुठे राहतो, तो जरा फोडून सांगा ना. जेएसडॉमने आजवर आमचं काही वाईट केलेलं नाही, निदान मला तरी असं वाटत होतं.

खारे_दाणे | बुधवार, दुपारी १:४०

सांगतो, स्वतःचाच माती खाल्लेला किस्सा.

शाखा निवडायचा ड्रॉपडाउन होता. खाली जागा असेल तर खाली उघडायचा, नसेल तर वर. त्यासाठी बटणाचं माप घ्यायचं, गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट. आता जेएसडॉम लेआउट करतच नाही, मांडणी हा प्रकारच त्याच्याकडे नाही, त्यामुळे कुठल्याही एलिमेंटला विचारा, रुंदी शून्य, उंची शून्य, वरून अंतर शून्य. सगळं जग एका टिंबात बसलेलं. मग मी काय केलं, त्या फंक्शनचा मॉक केला, 'वरून ७०० पिक्सेल' असं खोटं उत्तर त्याच्या तोंडात घातलं, आणि ड्रॉपडाउन वर उघडला का ते तपासलं. हिरवं. सहा महिने हिरवं. आणि खऱ्या स्क्रीनवर यादी खालच्या चिकट फूटरच्या मागे जाऊन बसत होती, कारण फूटरची उंची मी हिशेबात धरलीच नव्हती. शाखेत काउंटरवर बसलेल्या ताईंना शेवटच्या तीन शाखा निवडताच येत नव्हत्या. त्यांनी काय करावं? ब्राउझरचा झूम ७५ टक्के करून काम चालवलं. तक्रार सहा महिन्यांनी आली.

टेस्ट काय तपासत होती? मी शिकवलेलं खोटं मला नीट परत सांगता येतं का, एवढंच.

इंटरसेक्शनऑब्झर्व्हर, रिसाइझऑब्झर्व्हर, मॅचमीडिया, स्क्रोलइंटूव्ह्यू, हे सगळं जेएसडॉममध्ये नाहीच, प्रत्येकासाठी सेटअप फाइलमध्ये खोटं बसवावं लागतं. आता तुमची सेटअप फाइल उघडा आणि असली किती खोटी आहेत ती मोजा. पाचच्या वर असली तर तुम्ही कंपोनंट तपासताय की बुजगावणं, हे स्वतःला विचारा.

भाजणीचं_थालीपीठ | बुधवार, दुपारी २:०५

आई गं. त्या ताई!

याच्यावर विटेस्टमध्येच उपाय आहे, ब्राउझर मोड. इतके दिवस एक्स्पेरिमेंटल होता, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आवृत्ती ४ आली त्यात स्टेबल झाला. टेस्ट ब्राउझरच्या आतच चालते, चालवणारा मागून प्लेराइट किंवा वेबड्रायव्हरआयओ. म्हणजे बर्लिनवाल्यांची ती भिंत बरीचशी जाते. एकाच रेपोत दोन प्रोजेक्ट करता येतात, साध्या टेस्ट्स जेएसडॉममध्ये, मापाजोखाच्या ब्राउझरमध्ये. अँग्युलरवालेसुद्धा विटेस्टवरच आलेत आता.

चष्मेबद्दूर_नाही | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मूळ धाग्यात 'भाषा मराठी' हे वाचून राहवलं नाही. हे तुम्हाला कुठल्याही परदेशी ब्लॉगवर मिळणार नाही.

टेस्ट होती, 'दुसऱ्या वारसाचं नाव' असं लेबल असलेली इनपुट शोधायची. गेटबायलेबलटेक्स्ट. सापडत नाही म्हणे. खाली एररमध्ये अख्खा डॉम छापलेला, त्यात लेबल ढळढळीत दिसतंय, 'दुसऱ्या वारसाचं नाव'. मी अक्षर अक्षर लावून बघितलं. सहकाऱ्याला बोलावलं, त्याने बघितलं. सारखंच. शेवटी दोन्हींचे कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड नंबर) छापले तेव्हा उलगडा झाला. हा जो आपला आडवा र आहे ना, दुसऱ्या, पायऱ्या, सुट्टीच्या वाऱ्या यातला, तो टाइप करायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात टिंबवाला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं शून्य रुंदीचं चिन्ह), मग य. दिसायला जुळे भाऊ, स्ट्रिंग म्हणून एकमेकांचे कोणी नाहीत. भाषांतराची फाइल ज्या ताईंनी भरली त्यांचा कीबोर्ड वेगळा, माझा वेगळा. युनिकोड नॉर्मलाइझ मारूनही जुळत नाहीत, कारण नियमाप्रमाणे ते समान नाहीतच. आणि टेस्टिंग लायब्ररी मोकळ्या जागा आवरते पण झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही.

मी आता भाषांतराच्या फाइलींवर एक छोटी स्क्रिप्ट चालवतो जी सगळीकडे एकच तऱ्हा करते, आणि टेस्टमध्ये मराठी मजकूर हाताने टाइप न करता भाषांतराच्या फाइलीतूनच घेतो. तेवढ्यावरून एकाने भांडण काढलं की मग भाषांतरच चुकलं तर टेस्टला कळणार कसं. बरोबर आहे त्याचं. पण शुद्धलेखन तपासायला टेस्ट नाही, माणूस लागतो.

कर्जत_लोकल | बुधवार, संध्याकाळी ६:५५

दंडवत. आमच्याकडे सर्चमध्ये 'गोऱ्हे' आडनाव कधी सापडतं कधी नाही, ते हेच असणार. उद्याच बघतो.

रातपाळी | बुधवार, रात्री ११:५०

मराठीवरून निघालंच आहे तर आपल्या साडेपाच तासांचं पण सांगा कोणीतरी. नाहीतर मीच सांगतो. डेट पिकरमध्ये ३१ मार्च निवडला, कोडने स्थानिक वेळेतली मध्यरात्र धरून तारीख बनवली आणि सर्व्हरला पाठवायला टूआयएसओस्ट्रिंग केलं, जे तारीख यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितं. भारतात रात्रीचे १२ म्हणजे यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. गेली तारीख ३० मार्च. पतसंस्थेत ३१ मार्चची ठेव ३० ला पडणं म्हणजे काय ते गवंडींना सांगायला नको. आणि गंमत अशी की सीआयचं मशीन यूटीसीवर, तिथे मध्यरात्र ती मध्यरात्रच, टेस्ट कायम हिरवी. जिथे चूक होते तिथे टेस्ट चालत नव्हती आणि जिथे चालत होती तिथे चूक होत नव्हती.

टेस्टच्या कमांडच्या आधी टीझेड (टाइमझोन) इक्वल टू एशिया स्लॅश कोलकाता टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा, टूल कुठलंही घ्या.

सातारकर_बर्लिनमधून | गुरुवार, पहाटे ३:००

स्क्रीनशॉट तुलनेबद्दल कोणीच बोललं नाही. स्टोरीबुक (एकेक कंपोनंट वेगळा मांडून दाखवणारं टूल) असेल तर प्रत्येक स्टोरीचा, म्हणजे मांडलेल्या अवस्थेचा, फोटो काढून कालच्याशी ताडून बघायचा, त्यासाठी क्रोमॅटिक, पर्सी अशा सेवा आहेत. पर्सी २०२० मध्ये आपल्या मुंबईच्या ब्राउझरस्टॅकने घेतलं, हे इथल्या कलीगला सांगताना जरा कॉलर ताठ होते. फुकटात हवं असेल तर प्लेराइटमध्येच टूहॅवस्क्रीनशॉट आहे. फक्त बेसलाइन (ताडायचा मूळ फोटो) लॅपटॉपवर बनवू नका. मॅकवर देवनागरी एका फाँटमध्ये उमटते, सीआयच्या लिनक्स कंटेनरमध्ये आपला फाँट नसेल तर जो सापडेल तो उचलला जातो, वेलांटीची उंची बदलते, ओळ दोन पिक्सेल खाली जाते आणि दीडशे फोटो लाल. नोटो देवनागरी कंटेनरमध्ये घाला, किंवा ॲपचा वेबफाँट पूर्ण लोड व्हायची वाट बघून मगच फोटो काढा.

सूपशास्त्र | गुरुवार, सकाळी १०:१०

आणि ते जेस्टचे स्नॅपशॉट (कंपोनंटचं आउटपुट फाइलीत साठवून पुढच्या वेळी ताडायचं) कृपा करून सगळे उडवा. २०१६ मध्ये आले तेव्हापासून बघतेय, आठशे ओळींचा स्नॅपशॉट बदलला की माणूस वाचत नाही, 'यू' दाबतो आणि पुढे जातो.

दुसरं, गेटबायरोलची (घटक बटण, लिंक अशा भूमिकेवरून शोधायचा) सवय लावा. आमच्याकडे एका टेबलातल्या 'रद्द करा' ला ते सापडेना, सगळ्यांनी लायब्ररीला शिव्या घातल्या, बघितलं तर ते बटण नव्हतंच, डिव्हवर ऑनक्लिक लावलेलं. कीबोर्डने तिथे जाताच येत नव्हतं. लायब्ररी बरोबर होती. हां, हजार ओळींच्या टेबलात जेएसडॉममध्ये गेटबायरोल कासवासारखं चालतं हे मान्य, तिथे टेबलच पाच ओळींचं द्या.

रातपाळी | गुरुवार, सकाळी १०:४०

सगळे स्नॅपशॉट उडवा याला असहमत. पावतीच्या छपाईचा मजकूर आम्ही स्नॅपशॉटनेच धरतो, वीस ओळी आहेत, बदल लगेच डोळ्यात भरतो.

सूपशास्त्र | गुरुवार, सकाळी १०:५२

वीस ओळी असतील तर ठेवा. मी आठशेवाल्यांना बोलतेय.

आळशी_गवंडी | साडेतीन आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर आणतोय, निकाल सांगायचा राहिला.

विटेस्ट आणि टेस्टिंग लायब्ररी घेतली, बहुतेक सगळं जेएसडॉममध्ये. सेटअप फाइलमधली खोटी मोजली, नऊ निघाली. ज्या कंपोनंटना ती लागत होती असे ३४ बाजूला काढून ब्राउझर मोडमध्ये घातले, त्यात डेट पिकर, ड्रॉपडाउन आणि हप्त्यांचं मोठं टेबल. खारे_दाणेंचा किस्सा वाचून आमच्या ड्रॉपडाउनची टेस्ट मुद्दाम लहान खिडकीत चालवली. पहिल्याच दिवशी पडली. फूटरच्याच मागे. मॅनेजरला ब्राउझर आपोआप क्लिक होताना दाखवला, तो खूश, सायप्रेसचा विषय संपला. क्यूएचं प्लेराइट क्यूएकडेच राहिलं, सहा मोठे फ्लो, त्यात आम्ही लुडबुड करत नाही.

टीझेडची ओळ टाकल्यावर ११ टेस्ट्स लाल झाल्या, त्यातल्या दोन खरोखरच्या चुका होत्या. कुठल्या ते इथे लिहीत नाही.

अडकलो एकाच ठिकाणी. शोधपेटीला टाइप केल्यावर ३०० मिलिसेकंद थांबायचं असतं, म्हणून खोटे टायमर लावले आणि युझर-इव्हेंटने (माणसासारखं टाइप-क्लिक करणारी लायब्ररी) टाइप केलं, तर टेस्ट पाच सेकंद गप्प बसून टाइमआउट. युझर-इव्हेंट स्वतःच दोन अक्षरांच्या मधे टायमर लावून थांबतं आणि घड्याळ तर मी बंद करून ठेवलेलं, तो बिचारा कायमचा वाट बघत बसणार. सेटअपमध्ये ॲडव्हान्सटाइमर्स दिलं, तरी विटेस्टमध्ये अडलंच, शेवटी खोट्या टायमरला शुडॲडव्हान्सटाइम ट्रू केल्यावर सुटलं. कोणाला का ते नीट माहीत असेल तर सांगा.

सातशेपैकी २६० नव्याने लिहिल्या, अडीचशेच्या आसपास उडवल्या कारण त्या फक्त स्टेट बघत होत्या. बाकीच्या अजून जुन्या ब्रँचवर पडून आहेत. त्यातल्या निम्म्या नेमकं काय तपासतात ते कोणालाच सांगता येत नाहीये, गिटमध्ये नाव बघितलं तर माझंच.

कर्जत_लोकल | रविवार, रात्री ९:३०

गोऱ्हे सापडले बरं का. तेच होतं, झेडडब्ल्यूजे.